८४ ची पद्मिनी: खालून कोणता कोट मारावा?

तापीकाठ
राम राम मंडळी. आमच्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली, तेव्हापासून एकहाती. इंजिन ठणठणीत. आखाजीला सगळे घरी होते म्हणून गाडी धुवायला काढली आणि आतलं मॅटिंग उचललं, तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटानं दाबला की कुरकुर वाजायला लागला. भुसावळच्या डेंटरनं सडलेला तुकडा कापून नवा पत्रा बसवला, दोन्ही बाजूंच्या सिलचा, म्हणजे दरवाजांखालच्या पोकळ पट्टीचा, खालचा भागही बदलला. आता वेल्डिंगवर नुसता रेड ऑक्साइडचा तांबडा प्रायमर आहे.

पेंटर म्हणतो डांबरी कोट मारा, जाड बसतो आणि स्वस्तात होतो. जळगावचा दुकानदार रबराइज्ड स्प्रे घ्या म्हणतो. पुण्याचा आतेभाऊ सांगतो की मेणाचा कोट सोडून दुसरं काही लावूच नकोस. गाडी सावद्याजवळच्या मळ्यात जाते. शेवटचा शिवाररस्ता सगळा काळ्या मातीचा, पावसाळ्यात मडगार्डमध्ये चिखल ठासून बसतो. बाकी वेळ ती पत्र्याच्या शेडखाली उभी. वडील ऐंशीला टेकलेत, त्यांना मळ्यात जायचं तर याच गाडीतून. दोन पैसे जास्त लागू द्या, पण पुन्हा पत्रा कापायची पाळी नको. मिरगाच्या आत काम उरकायचं आहे.

पांझराकाठचा डेंटर
कसाले इतली घाई करतस भाऊ? मिरगाला वेळ आहे.

धुळ्यात आग्रा रोडला माझं उभं आयुष्य पत्र्याच्या कामात गेलं, त्यावरून सांगतो. डांबरी कोट मारू नका. नवा असतो तोवर छान दिसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात डांबर मऊ पडतं, मग काही वर्षांत तेल उडून कडक होतं आणि केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत शिरतं आणि तिथंच मुरतं. अशा गाडीखाली झोपून काळ्या थराखाली स्क्रूड्रायव्हर घालायचा. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा थर अख्खा सुटून हातात येतो, त्याच्या आतल्या बाजूला ओलसर तांबडी भुकटी आणि वर पत्र्याला चाळणी. मालक म्हणतो, "काल तर चांगलं होतं!" काल फक्त दिसत नव्हतं.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. सगळा भार बॉडीवरच, सिल आणि तळ हेच तिचं हाडूक. म्हणून झाकणारा जाड थर नको. खालचा पत्रा कसा आहे हे दरवर्षी बघता आलं पाहिजे.

तुमच्या गाडीला असं करा. आधी तो रेड ऑक्साइड ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पूर्ण काढा. साधा रेड ऑक्साइड पाणी धरतो, आणि त्यावर टू-पॅक, म्हणजे दोन डबे मिसळून मारायचं, इपॉक्सी मारलं तर त्याच्या थिनरनं तो उचलून सुरकुततो. खड्ड्यांत गंज राहिलाच तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. सॅंडब्लास्टिंग कोणी सुचवलं तर तळाच्या पातळ पत्र्यावर करू देऊ नका, पत्रा वाकतो. मग थिनरनं पुसून टू-पॅक इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पत्रा वाचवतो तो हाच, पैसे इथं घाला. त्यावर जोडांना पॉलियुरेथेन सीलर. दगड उडतात त्या जागी, म्हणजे मडगार्डच्या आत आणि पुढच्या तळाला, रबराइज्ड कोट बेताचा मारा. सिलच्या पोकळीत मेण, लांब नळीनं. तुमचा आतेभाऊ तेवढ्यापुरता बरोबर आहे.

सायलेन्सर, ब्रेकचे होस, हँडब्रेकची केबल आणि पाटे (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगा) कागदानं झाकून घ्या.

रावेरचा बागायतदार
एवढा खर्च कशाला? आमच्याकडे ट्रॉलीला, जीपला जळकं ऑइल मारतात. फुकटचं काम.

पांझराकाठचा डेंटर
बागायतदार भाऊ, ट्रॉलीला रबरी बुश किती असतात? पद्मिनीला पाट्याच्या डोळ्यापासून पुढच्या विशबोनपर्यंत सगळीकडे आहेत, आणि तेलानं रबर फुगतं. जळक्या ऑइलमध्ये आम्लही असतं. शिवाय ते गळून मळ्याच्या मातीत आणि विहिरीत जाणार. नकोच.

शहादेकर ताई
वरूनही बघा. आमच्या अँबेसेडरचा तळ खालून कोरडा होता, सडला तो आतून. पुढच्या काचेचा जुना रबर पाझरायचा आणि मॅटिंगखाली पाणी साचून राहायचं. काचेवर पाइपनं पाणी सोडा आणि कुणाला तरी आत बसवून डॅशबोर्डखाली हात लावायला सांगा. आणि डिकीतून खताच्या गोण्या नेत असाल तर बंद करा. युरिया, पोटॅश सांडलं की हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्रा खातं.

तापीकाठ
ताई, पोटॅशच्या गोण्या नेतोच आम्ही. आजपासून ट्रॅक्टरनं नेऊ. डेंटर काका, एक शंका आहे. आपल्या उन्हात सिलमधलं मेण वितळून गळून जाणार नाही का?

पांझराकाठचा डेंटर
पहिल्या उन्हात थोडं गळेल, गळू द्या. पातळ होऊनच ते जोडाच्या फटीत शिरतं, ती फट प्रायमरला कधी सापडत नाही. दोन पावसाळ्यांनी पुन्हा एक हात मारायचा. उघड्या तळाला मात्र मेण नको, शिवारातली धूळ चिकटून लेप होतो.

दुसरं, वैशाखातली हवा कोरडी, पत्र्याला ओल राहत नाही. प्रायमरला याच्याइतके चांगले दिवस नाहीत. फक्त पहाटे मारा. दुपारी पत्रा हात लावू देत नाही, प्रायमर गनमधून निघून पत्र्यावर बसेपर्यंत सुकतो आणि खरखरीत होतो. तोंडाला वाफेचा फिल्टर असलेला मास्क, रुमाल नाही. पावसाळ्यात मळ्यातून आलात की मडगार्डमधला चिखल ओला असतानाच पाण्यानं काढा, काळी माती वाळली तरी आतून कितीतरी दिवस ओली राहते.

सिलच्या आणि दरवाजांच्या खालची पाणी जायची भोकं कोट मारण्याआधी लाकडी खुंट्या घालून ठेवा, नंतर उपसा. आणि प्रायमर मारण्याआधी जॅक लावायच्या जागेचे आणि मागच्या पाट्याच्या हँगरचे फोटो इथं टाका. तिथली वेल्डिंग मला बघायची आहे.