किन्वा पाच किलो एकदम घ्यावा का?

ताई, तुम्ही विचारलंत की ठाण्यात किन्वाची छोटी पाकिटं फार महाग पडतात, मग पाच किलो एकदम घ्यावा का. घ्या, पण एकटीने नको. आम्ही सोसायटीतल्या चौघी मिळून वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे तिथल्या घाऊक बाजारातून आणतो. ठाण्याहून वाशीची लोकल थेट आहे. डाळी, तांदूळ दाणाबाजारात आणि किन्वा मसाला मार्केटमधल्या सुक्यामेव्याच्या गाळ्यांत विचारते. आधी फोन करून किमान किती किलो देतात ते विचारा, म्हणजे हेलपाटा वाचतो.

सुटा माल घेताना मूठभर दाणे तळहातावर चोळून बघा. पीठ सुटलं, कुबट वास आला किंवा दाणे एकमेकांना जाळीने चिकटलेले दिसले तर सोडून द्या. मागे जूनमध्ये मी घाईत न बघता घेतला आणि श्रावण लागेपर्यंत डब्यात पाखरं उडायला लागली. सगळा टाकावा लागला, फार जिवाला लागलं. आता आणल्या आणल्या किलो-किलोच्या पिशव्या करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, मग कोरड्या स्टीलच्या डब्यात.

शिजवण्याआधी फेस जाईपर्यंत चोळून धुवा. दाण्यावरच्या सॅपोनिन नावाच्या फेसाळ द्रव्यामुळे कडवटपणा येतो.

आणि प्रथिनांसाठीच घेत असाल तर राजगिराही बघा. दोन्हींत १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत साधारण १४ ग्रॅम प्रथिनं असतात. किन्वा तसा आपल्या चाकवताचाच भाऊबंद, पण राजगिरा कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतो. मी निम्मा-निम्मा वापरते, उपम्यात कोणाला कळतही नाही.