खानापुरी मातीला ‘नवा जन्म’ म्हणे!

मलप्रभाकाठ : काल ग्रुपवर फिरलेली पोस्ट वाचून डोकं सणकलं. म्हणे आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं ‘कुणाकडंही न शिकता’ खानापुरी लाल मातीला नवा जन्म दिला. बेंदराच्या (पोळ्यासारख्या सणाच्या) मातीच्या बैलाची शिंगं लावून किटल्या केल्या, वर चकचकीत ग्लेझ, म्हणजे काचेसारखा मुलामा. माती मेली होती कधी? आमच्या घरात चाक होतं. माठ चाकावरून उतरतो तेव्हा त्याला बूड नसतं. अर्धवट सुकला की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापीनं थापटत बूड मिटवायचं. हाताला हे यायला वर्षं जातात. ही मुलगी आमच्याच गल्लीत बसून सगळं बघायची. मग स्वयंशिक्षित कशी?

चाकाबाहेरची : काका, चाक होतं, मान्य. त्याला घरातल्या बाईचा हात लागत होता का? माझ्या आईनं जन्मभर माती तुडवली, लीद चाळून मिसळली, माठ डोक्यावरून बाजारात नेले. चाकाला मात्र शिवायचं नाही. नुसतं बघू दिलं, ते शिकवणं झालं?

मलप्रभाकाठ : तो रिवाज मी पाडला नाही, ताई. ग्लेझचं बोला. माठ पाझरतो, वरचं पाणी उडून जातं, म्हणून आतलं गार होतं. छिद्रं बुजवली की माठ शोभेचा.

शहापूरकर : किटलीत चहा असतो हो, तो गार कशाला करायचा? लाल माती 1200 अंशांच्या भट्टीत घातली तर बसून जाते, तिच्यात लोह फार. कमी आचेवर उतरणारं ग्लेझ या मातीला जुळवणं खेळ नव्हे. खानापुरातच खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. आपल्यातले किती जण तिथं डोकावले?

सीमावासी : ते सगळं असू दे. तिच्या दुकानाची पाटी बघितली? वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठी कुठाय? कायदा 60 टक्के कन्नड मागतो, उरलेल्या 40 मध्ये मराठी बसते की!

शहापूरकर : गिऱ्हाईक गोव्याचं, म्हणून इंग्रजी. तुम्ही एक तरी कप घेतलात?

सीमावासी : 1956 ला आम्हाला कर्नाटकात (तेव्हाचं म्हैसूर राज्य) घातलं, तेव्हापासून सोसतोय आम्ही. कप घेऊन प्रश्न सुटतो?

चाकाबाहेरची : आणि तुमची नातवंडं कुठल्या मीडियमला, दादा?

सीमावासी : घरावर जाऊ नका!! ते बैल आपले, आणि नाव दुसऱ्याचं होणार.

हलशीचा : ‘आपले’ म्हणजे? मण्णेत्तिन अमावस्येला शेजारच्या कन्नड घरात हेच मातीचे बैल पुजतात. आमच्या गल्लीत दोघांना एकच कुंभार बैल द्यायचा, आणि पैसे दोघंही उधार ठेवायचे.

सीमावासी : झालं, आला मध्यस्थ! पाटीवर बोला.

मलप्रभाकाठ : पाटीचं कुणी काढलं इथं? माझा धागा खाल्लात सगळा. बरं, किटलीची तोटी गळत नाही, एवढं खरं. मेव्हण्याकडं बघितली. तोटी जमणं अवघड असतं, आमच्याकडं कुणाला जमली नव्हती. पण ‘न शिकता’ हे तिनं पुसावं आणि गल्लीचं नाव घालावं.

चाकाबाहेरची : घालेल की. गल्लीतल्या बायकांचंही घालायला सांगते.