वाचन चॅलेंज: प्रतिक्रिया लिहायला बसलं की गोष्टच सांगितली जाते

पूर्वभाग_सोलापूर:
आमच्या वाचनकट्ट्याचं चॅलेंज आहे: महिन्याला एक पुस्तक आणि त्यावर १५० शब्दांत स्वतःची प्रतिक्रिया. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी 'बनगरवाडी' झाली, पण लिहिलंय ते नुसतं कथासार, आणि शेवटी 'खूप आवडलं'. पुढे 'अक्करमाशी' आणि 'चकवाचांदण' आहेत. काही पद्धत आहे का?

होटगी_रोड:
गोष्ट २ ओळींत उरका. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो, शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. बास. उरलेले शब्द एकाच प्रसंगाला द्या. तालमीचाच घ्या. मास्तरच्या पुढाकाराने वाडी तालीम उभी करते, तेव्हा काय वाटलं? आणि वाडी रिकामी झाल्यावर त्याच तालमीबद्दल काय वाटलं? या दोन्हींत जो फरक पडला, ती तुमची प्रतिक्रिया.

आधी काय वाटलं होतं ते पुस्तक संपल्यावर आठवत नाही, कारण शेवट आधीचं सगळं पुसून टाकतो. म्हणून वाचतानाच पान नंबर आणि ५-६ शब्द टिपायचे. वाचनालयाच्या प्रतीला चिकटणाऱ्या चिठ्ठ्या मात्र लावू नका, जुना कागद सोलून निघतो. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी पुरते.

सात_रस्ता:
'अक्करमाशी'ला हे जमणार नाही. ते एका प्रसंगावर उभं नाही. भूक आणि अनौरस जन्माचा प्रश्न पुन्हापुन्हा येतात. १९८४ चं पुस्तक, लेखक शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. म्हणजे आपल्याच जिल्ह्याची गोष्ट, आणि तरी बहुतेक जण 'डोळ्यांत पाणी आलं' लिहून मोकळे होतात. ही सगळ्यात स्वस्त प्रतिक्रिया. कुठे राग आला, कुठे अवघडल्यासारखं झालं, कुठे पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं, ती पानं टिपा. आणि आत्मकथन आहे, 'पात्रं छान रंगवलीत' लिहू नका, कृपा करा.

होटगी_रोड:
'चकवाचांदण' फेब्रुवारीत घेऊ नका. जाडजूड आहे, रोज २० पानं वाचली तरी महिना पुरायचा नाही. हे आत्मचरित्र आहे, लेखक मारुती चितमपल्ली सोलापूरचे, त्यामुळे बालपणाचा भाग प्रेमाने वाचला जातो आणि वनखात्याची नोकरी सुरू झाली की वेग पडतो. दोन्ही भागांची टिपणं वेगळी ठेवा, नाहीतर प्रतिक्रिया फक्त बालपणावर होते.

पूर्वभाग_सोलापूर:
तालमीवरून पुन्हा लिहितो. अवतरण १५० शब्दांत धरायचं का?

सात_रस्ता:
धरायचं. एका ओळीच्या वर नको, आणि ती ओळ का उचलली ते लगेच खाली लिहा.