बजी हा वेल्सचा जुना हार्ड रॉक बँड: ऐकायला सुरुवात कुठून करू?

घाटमाथा:
मंडळी, मदत हवी आहे. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या 'गॅरेज इंक.' या १९९८ च्या अल्बममुळे बजी हे नाव कळलं. त्यातली 'ब्रेडफॅन' आणि 'क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी' ही दोन्ही गाणी मूळची यांची. मग मूळ 'ब्रेडफॅन' शोधून ऐकलं. १९७३ सालचं गाणं, वाजवणारे तिघंच, आणि हा वेग! दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल, लेड झेपेलिन यांच्यावर बोलणारे पुष्कळ भेटतात, बजीचं नाव काढलं की सगळे गप्प.

स्टुडिओ अल्बम अकरा दिसतायत. पहिला कुठला घेऊ? आणि हे लोक कोण, कुठले, एवढं चांगलं वाजवून मागे का राहिले, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. मी स्वतः तिघांच्या बँडमध्ये बेस वाजवतो आणि गातोही, त्यामुळे बसवण्याजोगी गाणीही सुचवा.

खर्जातला:
या बँडबद्दल कुणी विचारेल अशी आशा मी सोडून दिली होती. सविस्तर लिहितो.

बजी वेल्सच्या कार्डिफ शहरातला. १९६७ साली सुरुवात झाली. बर्क शेली बेस वाजवायचा आणि गायचा, टोनी बोर्ज गिटारवर, रे फिलिप्स ड्रम्सवर. पिंजऱ्यात पाळतात त्या छोट्या पोपटाचं नाव घ्यायचं आणि कानठळ्या बसतील असं वाजवायचं, ही शेलीची आवड. मुखपृष्ठांवरही तो पक्षी वेगवेगळ्या रूपांत भेटतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बमची चित्रं रॉजर डीनची आहेत. येस या बँडची ती स्वप्नातल्यासारखी मुखपृष्ठं ज्याची, तोच हा.

पहिले दोन अल्बम, म्हणजे १९७१ चा 'बजी' आणि १९७२ चा 'स्क्वॉक', रॉजर बेन या निर्मात्याने केले. ब्लॅक सॅबथचे पहिले तिन्ही अल्बम त्याचेच, म्हणून या दोन्हींत तोच जड, कोरडा नाद आहे. तिसरा, १९७३ चा 'नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड', त्यांनी स्वतःच निर्माण केला, वेल्समधल्याच रॉकफील्ड स्टुडिओत.

माझं स्पष्ट मत: तुम्ही या तिसऱ्यापासूनच सुरुवात करा. 'ब्रेडफॅन' त्यात पहिलंच आहे. पण तेवढं ऐकून थांबू नका, शेवटचं 'पेरेंट्स' ऐका. दहा मिनिटांचं गाणं, सुरुवात अगदी हळुवार, आईवडिलांनी लहानपणी सांगितलेल्या गोष्टी आठवणारा एक माणूस, आणि मग बोर्जची गिटार असं काही रडते की त्या काळच्या कुठल्याही नावाजलेल्या गिटारिस्टसमोर तिला बिनधास्त उभी करावी. मेटालिकामुळे बजीकडे येणारे बहुतेक जण वेगवान रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) शोधतात, दोन गाणी घेतात आणि जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं. या बँडचा जीव जडपणा आणि हळवेपणा शेजारी शेजारी ठेवण्यात आहे. 'ब्रेडफॅन'च्याच मधोमध तो शांत भाग येतो ना, तो ऐका, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

अबोली:
खर्जातला यांच्याशी बाकी सहमत, पण सुरुवात पहिल्या अल्बमपासून व्हावी असं मला ठामपणे वाटतं. 'गट्स' सुरू झालं की कसलीही प्रस्तावना लागत नाही. संथ, रुतत जाणारा ठेका आणि त्यावर शेलीचा उंच, बारीक आवाज. एवढ्या जड वाद्यांवर असा आवाज तेव्हा क्वचितच ऐकू यायचा. रश या कॅनडाच्या, बेसवालाच गाणाऱ्या तिघांच्या बँडचा पहिला अल्बम १९७४ चा. चष्मा लावणारा, बेस वाजवत वरच्या पट्टीत गाणारा तिघांतला एक, हे चित्र शेलीने त्याच्या तीन वर्षं आधीच उभं केलं होतं.

शिवाय 'न्यूड डिसइंटिग्रेटिंग पॅराशूटिस्ट वुमन' याच अल्बमवर आहे. गाण्यांना असली नावं ठेवायची हौस त्यांना शेवटपर्यंत होती. मागे राहण्याचं एक कारण मला यातच दिसतं. नाव चिमुकल्या पोपटाचं, गाण्यांची नावं अशी, मग ऐकण्याआधीच कित्येकांनी बँडला हसण्यावारी नेलं असेल. 'यू'र द बिगेस्ट थिंग सिन्स पावडर्ड मिल्क' हे शीर्षक वाचून आत काय रिफ आहे याचा अंदाज कोण बांधणार?

टेपवाला:
दोघांचंही पटतं. त्यात एक भर: १९७५ चा 'बँडोलियर' यादीत हवाच. 'ब्रेकिंग ऑल द हाउस रूल्स' हे पहिलं गाणं मोठ्या आवाजात ऐका. 'आय कान्ट सी माय फीलिंग्ज' नंतर आयर्न मेडननेही गायलं, १९९२ च्या एका सिंगलच्या मागच्या बाजूला.

मागे राहण्याबद्दल: माझ्या मते ड्रमर टिकले नाहीत याचाही फटका बसला. फिलिप्स तिसऱ्या अल्बमनंतर गेला, १९७४ च्या 'इन फॉर द किल'वर पीट बूट आहे, 'बँडोलियर'पासून स्टीव्ह विल्यम्स. 'इन फॉर द किल' ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत २९व्या आणि 'बँडोलियर' ३६व्या क्रमांकावर गेला, म्हणजे ऐकणारे होते. पण त्यापुढे उडी घेता आली नाही. १९७८ मध्ये टोनी बोर्जही बाहेर पडला.

अमेरिकेत मात्र एक शहर त्यांच्या प्रेमात होतं: टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ. तिथला रेडिओ निवेदक जो अँथनी बजीच्या तबकड्या आवर्जून वाजवायचा. १९९० च्या दशकात बँड पुन्हा उभा राहिला, तो त्याच शहरातल्या कार्यक्रमासाठी.

घाटमाथा:
वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तिसरा आणि पहिला, या क्रमाने ऐकतो. १९८० नंतरचे अल्बम कसे आहेत? आणि बेसचं काय?

खर्जातला:
१९८० चा 'पॉवर सप्लाय' हा जवळजवळ वेगळाच बँड आहे. गिटारवर जॉन थॉमस आला, सगळं सरळसोट आणि धारदार झालं. तेव्हा ब्रिटनमध्ये हेवी मेटलची नवी लाट होती, त्या पोरांच्या बरोबरीने हे उभे राहिले. इंग्लंडमधल्या १९८२ च्या रेडिंग संगीत महोत्सवात मुख्य बँडांत बजी होता, आणि त्याच वर्षी ते पोलंडमध्ये वाजवून आले. तिथे तेव्हा लष्करी कायदा लागू होता आणि पश्चिमेकडचा हार्ड रॉक बँड प्रत्यक्ष ऐकायला मिळणं अपूर्वाईचं होतं. पोलिश चाहते त्यांना कधीच विसरले नाहीत. मला स्वतःला या काळात बोर्जची उणीव भासते. आधी पहिले पाच अल्बम पचवा.

अबोली:
बेससाठी सांगते, मीही वाजवते. 'गट्स' आधी बसवा. रिफ संथ आहे, त्यामुळे हात आणि गळा वेगवेगळे चालवायला वेळ मिळतो. मग 'इन द ग्रिप ऑफ अ टायरफिटर्स हँड'. त्यातला ठेका डुलवणारा आहे, ड्रमरशी गट्टी जमल्याशिवाय उभा राहत नाही. 'ब्रेडफॅन' सगळ्यांत शेवटी घ्या, आणि वेग आधी अर्ध्यावर आणून. शेलीची पट्टी झेपत नसेल तर सरळ दोन सूर खाली उतरवा, गाण्याचं काही बिघडत नाही.

टेपवाला:
एक व्यावहारिक सूचना. सीडीच्या नव्या आवृत्त्यांत मूळ अल्बमनंतर जादा गाणी जोडलेली असतात, त्यांतली काही बँडने पुढे पुन्हा वाजवलेली आहेत. पहिल्यांदा ऐकताना मूळ शेवटच्या गाण्यापाशी थांबा. तिसऱ्या अल्बमवर ते 'पेरेंट्स' आहे. 'क्रॅश कोर्स' शोधताना गोंधळ होऊ नये म्हणून: ते १९७१ मध्ये सिंगल म्हणून आलं, अल्बमवर मात्र १९७४ च्या 'इन फॉर द किल'मध्ये सापडेल.

घाटमाथा:
शेली अजून गातात का?

खर्जातला:
नाही. २०१० मध्ये पोलंडच्या दौऱ्यावर असताना त्यांना महाधमनीचा त्रास झाला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि बँड थांबला. १० जानेवारी २०२२ रोजी कार्डिफमध्येच ते गेले, ७१ वर्षांचे होते. शेवटचा स्टुडिओ अल्बम २००६ चा, 'यू'र ऑल लिव्हिंग इन कुकूलँड'. आवाज त्यातही त्यांचाच आहे. पहिले पाच झाले की तोही घ्या, आणि 'गट्स' बसलं की रेकॉर्डिंग इथे नक्की टाका.