स्क्वॉश कोर्टाबाहेरच्या भिंतीवर कोणाचे फोटो?

सेक्रेटरी, ए-१०२: नमस्कार मंडळी. क्लबहाउसच्या स्क्वॉश कोर्टाचं काम झालं. फ्लोअर पॉलिश झाला, काचेचं दारही बसलं. बाहेरच्या भिंतीवर चार मोठे फोटो लावायचेत. संध्याकाळच्या बॅचला मुलीच जास्त असतात, म्हणून चारही महिला खेळाडूंचे लावू. नावं सुचवा.

बी-३०४: जोश्ना चिनप्पा. बाकी तीन तुम्ही ठरवा.

सी-६०१: निकोल डेव्हिड हवीच. मलेशियातल्या पेनांगची मुलगी. ऑगस्ट २००६ ते सप्टेंबर २०१५, सलग १०८ महिने जगात पहिल्या नंबरवर. आठ वेळा वर्ल्ड चॅम्पियन.

डी-२०५: काका, इजिप्तच्या नूर अल शेरबिनीचेही आठ वर्ल्ड टायटल झाले, २०२५ मध्ये शिकागोला. आणि २००९ ची वर्ल्ड ज्युनिअर तिनं आपल्या चेन्नईत जिंकली, तेव्हा ती १३ वर्षांची होती. आमच्या बॅचमध्ये सगळ्या तिचेच व्हिडिओ बघतो.

सी-६०१: नूर घ्याच बेटा, वादच नाही. तिच्या हातात जी नजाकत आहे ती दुसऱ्या कुणाकडे नाही. पण निकोलची २०१४ ची कैरोची वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल एकदा बघा. समोर इजिप्तचीच रनीम अल वेलिली, सगळं स्टेडियम तिच्या बाजूनं. रनीम २-१ नं पुढे आणि चौथ्या गेममध्ये १०-६. म्हणजे चार मॅच बॉल हातात, त्यातला एक पॉइंट मिळाला की मॅच तिची. निकोल एकेक रॅली खेळत राहिली, कोपऱ्यातला प्रत्येक बॉल उचलत राहिली. तो गेम १४-१२ नं काढला आणि पाचवा ११-५. मी आजही मुलांना तो चौथा गेम दाखवतो.

बी-३०४: बिचारी रनीम!

सी-६०१: नऊ महिन्यांत तिनंच निकोलचा पहिला नंबर घेतला. कुठल्याही खेळात जगात पहिल्या नंबरवर गेलेली पहिली अरब महिला. २०१७ ला वर्ल्ड चॅम्पियनही झाली, फायनलला नूरला हरवून. आणि २०२० मध्ये पहिल्या नंबरवर असतानाच निवृत्त झाली. मला तिचाही फोटो हवाय.

बी-७०३ (आजी): अरे, या मुलींना ऑलिम्पिकची किती पदकं मिळाली ते कुणी लिहीत नाही?

सी-६०१: आजी, एकही नाही. स्क्वॉश ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच. लॉस एंजेलिस २०२८ ला पहिल्यांदा येतंय, आणि तो निर्णय आपल्या मुंबईत झाला, ऑक्टोबर २०२३ च्या आयओसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या बैठकीत. निकोल २०१९ लाच थांबली होती. खेळ ऑलिम्पिकमध्ये यावा म्हणून तिनं वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि स्वतःला एकदाही खेळायला मिळालं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. चार वर्षांनी एकदा टीव्हीवर दिसणारा खेळ असता, तर ही मुलगी घराघरात माहीत असती.

ए-४०१: मग जोश्नाबरोबर दीपिका पल्लिकलही घ्या. २०१४ ला ग्लासगोत दोघींनी मिळून डबल्सचं सुवर्ण आणलं. कॉमनवेल्थमधलं भारताचं स्क्वॉशचं पहिलंच पदक. शिवाय दीपिका नॅशनल्सला काही वर्षं गेलीच नाही, कारण बक्षिसाची रक्कम मुलांना जास्त, मुलींना कमी. रक्कम सारखी झाल्यावर २०१६ ला परत आली. ऐन उमेदीची वर्षं होती ती. मुलींना हे कळायला हवं.

बी-३०४: एकदम पटलं वहिनी. आणि तिला जुळी मुलं झाली ऑक्टोबर २०२१ ला. पुढच्या एप्रिलमध्ये वर्ल्ड डबल्सला दोन सुवर्णपदकं, एक जोश्नाबरोबर, एक मिक्स्ड डबल्समध्ये सौरव घोषालबरोबर.

बी-७०३ (आजी): जुळी सांभाळून! आईनं घर सांभाळलं असेल गं तिच्या. हिचा फोटो लावाच.

बी-३०४: जोश्नाचंही ऐका. २००० साली १४ व्या वर्षी नॅशनल चॅम्पियन. २०१८ ला इजिप्तमधल्या अल गूनाच्या स्पर्धेत निकोलला हरवलं. आणि डिसेंबर २०२५ ला चेन्नईत भारतानं पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला, त्या फायनलची पहिली मॅच हिनंच काढून दिली. वय ३९. त्याच टीममध्ये अनाहत सिंग होती, वय १७! जोश्ना पहिल्यांदा नॅशनल्स जिंकली तेव्हा अनाहतचा जन्मही झाला नव्हता.

डी-२०५: अनाहत पण हवी ना मग! २०२२ च्या कॉमनवेल्थला १४ वर्षांची होती, भारताच्या पथकात सगळ्यात लहान. आम्हाला तीच जवळची वाटते.

सेक्रेटरी, ए-१०२: चार जागा आणि सहा नावं. मग असं करू: निकोल, नूर, अनाहत, आणि चौथ्यात जोश्ना-दीपिका एकत्र, ग्लासगोचं पदक घेतलेल्या.

सी-६०१: आणि रनीम?

सेक्रेटरी, ए-१०२: काका, शू रॅकच्या वर एक जागा निघते. फोटो थोडा लहान बसेल.

सी-६०१: चालेल. खर्च माझ्याकडे.

ए-४०१: प्रत्येकीच्या नावाखाली दोन ओळी मराठीत लिहू या, नुसती नावं नकोत. मी आज रात्री लिहून टाकते, काका तुम्ही आकडे तपासा.

सेक्रेटरी, ए-१०२: उत्तम. सकाळी दहाच्या आत पाठवा, प्रिंटवाला त्यानंतर माप घ्यायला येतोय.