मदत हवी आहे: ईव्ह ऑनलाइनची चार खाती एकाच पीसीवर

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीचा. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये माझी चार ओमेगा (म्हणजे पैसे भरून घेतलेली) खाती आहेत आणि चारही एकदम चालवायची आहेत. तीन जहाजं खाणकामाला, एक मालवाहू. (एकच कळ दाबून सगळी जहाजं हलवायला २०१५ पासून बंदी आहे, मला ते करायचंही नाही. प्रत्येक विंडो हातानेच.)

सध्या रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. दोन विंडोपर्यंत ठीक चालतं. तिसरी उघडली की टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली दिसते, आणि गेममधल्या एका तारामंडळातून (सिस्टीम) दुसऱ्यात उडी मारताना स्क्रीन तीन-चार सेकंद गोठते. परवा त्यातच एक जहाज गेलं. कित्येक रात्रींची कमाई होती, फार जिवाला लागलं.

दुकानदार म्हणतो सगळंच बदला. मला ते पटत नाही. मदरबोर्ड बी४५० आहे, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर बसेल. पण पैसे टप्प्याटप्प्यानेच निघतील. मग आधी १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेऊ की रॅम ३२ करू? पॉवर सप्लाय ४५० वॉटचा आहे, तोही बदलावा लागेल ना? तुमच्यापैकी कोणी चार विंडो चालवत असेल तर कृपया तुमचं कॉन्फिगरेशन सांगा.