स्टँडबाय मागे पडला तर अहवालाची क्वेरी रद्द करावी का?

रात्रपाळी (मूळ धागा)

पोस्टग्रेस या डेटाबेसचा स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, सतत अद्ययावत होणारी प्रत) मागे पडू लागला की आपल्याकडे सर्वांत आधी नेटवर्कवाल्यांना फोन जातो, आणि बहुतेक वेळा तो फोन वाया जातो. मार्चअखेरीस आम्ही सांभाळत असलेला एक स्टँडबाय पावणेदोन तास मागे पडला होता. प्रायमरीवर पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन पाहिले, तर पाठवलेल्या, लिहिलेल्या आणि फ्लश झालेल्या (डिस्कवर पक्क्या झालेल्या) वॉलचे, म्हणजे प्रायमरीवरच्या बदलांच्या नोंदवहीचे, एलएसएन (त्या नोंदवहीतले स्थानक्रमांक) एकमेकांच्या पाठोपाठ पळत होते आणि लागू झालेल्या वॉलचा रिप्ले_एलएसएन मात्र जागचा हलत नव्हता. म्हणजे वॉल स्टँडबायच्या डिस्कवर वेळेत पोहोचत होता. अडले होते ते तो लागू करण्याचे काम. स्टँडबायवर पीएस (चालू प्रक्रियांची यादी देणारी आज्ञा) चालवल्यावर वॉल लागू करणाऱ्या स्टार्टअप प्रोसेसच्या ओळीत वॉल फाइलच्या नावापुढे ‘वेटिंग’ हा शब्द दिसला आणि उलगडा झाला. ताळेबंदाचा एक अहवाल दोन तासांपासून चालू होता; त्याच्या स्नॅपशॉटला (त्याला दिसणाऱ्या डेटाच्या ठरावीक क्षणीच्या चित्राला) दिसू शकतील अशा जुन्या ओळी प्रायमरीवरच्या व्हॅक्यूमने (निरुपयोगी ओळींची सफाई करणाऱ्या कामाने) काढून टाकल्या होत्या, आणि तीच साफसफाई इकडे लागू करण्यासाठी स्टार्टअप प्रोसेस अहवाल संपण्याची वाट पाहत बसली होती. पूर्वी कोणीतरी मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले उणे 1 करून ठेवला होता, म्हणजे थांबण्याला मर्यादाच नव्हती.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या स्टँडबायवर फेलओव्हरची (प्रायमरी कोसळल्यास त्याची जागा घेण्याची) भिस्त आहे, त्यावर लांबलचक अहवाल चालवूच नयेत. चालवायचेच असतील, तर मूळची 30 सेकंदांची मर्यादा तशीच ठेवावी आणि क्वेरी रद्द होत असेल तर होऊ द्यावी. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत काय झाले, ते त्यांनी स्वतः सविस्तर जाहीर केले आहे: लोडमुळे दुय्यम सर्व्हर इतका मागे पडला की त्याला हवे असलेले वॉल सेगमेंट (वॉलच्या फाइली) प्रायमरीवरून निघून गेले होते, आर्काइव्ह (जुन्या वॉलचा वेगळा साठा) ठेवलेले नव्हते, आणि प्रत पहिल्यापासून उभी करण्याच्या खटपटीत रात्री उशिरा चुकून प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी पुसली जाऊन सुमारे सहा तासांचा डेटा गेला. लॅग (प्रत मागे पडणे) वेळीच आवरला नाही, तर पुढचे निर्णय दमलेल्या माणसाला घ्यावे लागतात.

लॉगवाचक

तुमचे निदान बिनचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात फ्लश वेळेवर होत होता, म्हणजे त्या क्षणी प्रायमरी कोसळला असता, तरी मिळालेला सगळा वॉल लागू करूनच स्टँडबाय प्रमोट झाला असता, म्हणजे नवा प्रायमरी बनला असता. धोक्यात होता तो वेळ, डेटा नव्हे. गिटलॅबचे उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण तिथे वॉल दुय्यम सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नव्हता. त्यावर रेप्लिकेशन स्लॉट (प्रतीला हवा असलेला वॉल प्रायमरीवर राखून ठेवणारी सोय) किंवा आर्काइव्ह हा उपाय आहे, अहवाल बंद करणे हा नव्हे.

दुसरे म्हणजे, 30 सेकंदांची मर्यादा प्रत्येक क्वेरीला स्वतंत्रपणे मिळते, असा समज तुमच्या लिखाणातून होऊ शकतो. ती सवलत क्वेरीला नसून वॉलला आहे: वॉल हाती आल्यापासून तो लागू होईपर्यंत एकूण किती उशीर चालेल, एवढेच ती सांगते. एका क्वेरीने त्यातले 28 सेकंद खाल्ले, तर मागून आलेल्या निरपराध क्वेरीच्या वाट्याला दोनच सेकंद उरतात, आणि स्टँडबाय आधीच मागे असेल तर वॉलशी टक्कर होताच ती रद्द होते. आमच्या लेखा विभागातल्या बाईंना महिनाअखेरीस एकाच सकाळी चार वेळा ‘कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टू कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी’ हा संदेश आला. अहवाल पाचव्यांदा लावताना त्यांनी मला विचारले, “साहेब, माझं काही चुकतंय का?” त्यांचे काहीही चुकत नव्हते. लहान संस्थेला दोन स्टँडबाय परवडत नाहीत; त्यांनी अहवाल प्रायमरीवर चालवावेत, असे आपण सुचवणार आहात का? हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू करा, म्हणजे अहवालाला लागणाऱ्या ओळी प्रायमरी काढणार नाही आणि बहुतेक टकरी मुळातच टळतील.

सह्यकडा

लॉगवाचक, फीडबॅकची किंमत तुम्ही सांगितली नाही, आणि ती मी मोजलेली आहे. आमच्याकडे कामांच्या रांगेचे एक छोटे टेबल होते. त्यात एका वेळी जेमतेम काही हजार जिवंत ओळी असत, पण त्या सतत बदलत. फीडबॅक चालू असताना स्टँडबायवर कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून जेवायला गेले, आणि तेवढ्या वेळात व्हॅक्यूमला त्या टेबलातली एकही नवी मृत ओळ काढता आली नाही. टेबल फुगले, प्रायमरीवरची साधी क्वेरी रेंगाळू लागली आणि ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या. स्टँडबायचे दुखणे आपण प्रायमरीच्या अंगावर ढकलले होते. शिवाय फीडबॅकमुळे अॅक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉकच्या (टेबल इतर सर्वांसाठी बंद करणाऱ्या कुलपाच्या) टकरी टळत नाहीत. टेबलाची रचना बदलणारी ऑल्टर टेबल ही आज्ञा तर आहेच, पण व्हॅक्यूम टेबलाच्या शेवटची रिकामी पाने छाटतो तेव्हाही तोच लॉक घेतो; ज्या टेबलांवर हे वारंवार घडते, तिथे आवृत्ती 12 पासून मिळणारा व्हॅक्यूम_ट्रंकेट पर्याय बंद करता येतो.

स्लॉटबद्दलही सावध राहा. स्टँडबाय बंद पडून राहिला, तर स्लॉट त्याच्यासाठी वॉल राखत राहतो आणि प्रायमरीची डिस्क भरते. आवृत्ती 13 पासून अशा राखलेल्या वॉलला मर्यादा घालणारी मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज आहे, पण मुळात ती अमर्याद असते. मर्यादा आपणच घालावी लागते.

रात्रपाळी

लॉगवाचक, सवलत वॉलला असते, हा मुद्दा मी नीट मांडायला हवा होता. तो तुम्ही मांडलात, हे बरे झाले. डेटा नव्हे, वेळ धोक्यात होता, हेही खरे. पण पावणेदोन तासांचा साचलेला वॉल एकटी स्टार्टअप प्रोसेस क्रमाने लागू करते. प्रायमरीवर तीस जणांनी मिळून केलेले लेखन इथे एकाच हाताने उतरवायचे असते. ते संपेपर्यंत स्टँडबाय एकही नवी नोंद स्वीकारत नाही, आणि पतपेढीच्या काउंटरवर रांग लागलेली असताना हा वेळ ‘फक्त वेळ’ राहत नाही. लेखा विभागातल्या बाईंचा त्रास मला कमी महत्त्वाचा वाटत नाही. म्हणूनच त्यांचे अहवाल आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून उभ्या केलेल्या स्वतंत्र प्रतीवर चालवावेत, असे मी सुचवतो; ताळेबंदाला या क्षणाचा डेटा लागत नाही, आणि बॅकअप खरोखर उघडतो की नाही, याची रोज परीक्षाही होते.

लॉगवाचक

ताळेबंदापुरते हे मान्य. थकबाकीच्या यादीला मात्र आजचा डेटा लागतो, आणि ती क्वेरी चाळीस मिनिटे चालते. तिच्यासाठी मी फीडबॅक चालूच ठेवणार आहे. सह्यकड्यांनी सांगितलेला प्रसंग टाळायला स्टँडबायवर नुसते उघडे पडून राहिलेले ट्रान्झॅक्शन तोडणारा आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट दहा मिनिटांचा लावला आहे. एक विनंती रात्रपाळींना: तुमचे पावणेदोन तास शेवटच्या लागू झालेल्या ट्रान्झॅक्शनच्या वेळेवरून मोजलेले असतील, तर रात्री प्रायमरीवर काम नसतानाही तो आकडा वाढत जातो. त्या वेळचा एलएसएनमधला बाइट्सचा फरकही इथे द्या, म्हणजे साचलेला वॉल खरोखर किती होता, ते कळेल.